सीझनचा राजा : सेझार रित्झ

मे महिन्यात महाबळेश्वरला खोलीचा भाव विचारून पाहा. मग तीच खोली जुलैच्या धो-धो पावसात विचारा. तीच गादी, तोच आरसा, तीच खिडकी; भाव मात्र कुठल्या कुठे घसरलेला! शिवाय नियम असतातच. अमुक वाजायच्या आधी खोली मिळणार नाही, इतक्या वाजता सोडावी लागेल, सीझनमध्ये निदान दोन रात्रींचं बुकिंग हवं, ॲडव्हान्स परत मिळणार नाही. आपण मनातल्या मनात मालकाला चार शिव्या घालतो आणि पैसे भरतो.

हे सगळे नियम कोणा एका माणसाने बसून लिहिले नाहीत. युरोपात रेल्वे डोंगरावर आणि समुद्राकाठी पोहोचली, सुट्टीला जाणं ही श्रीमंतांची रीत झाली आणि त्याबरोबर हे नियम हळूहळू घडत गेले. पण या धंद्याचं सगळं सुख आणि सगळं दुःख एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचं असेल तर सेझार रित्झकडे पाहावं. त्याचं आडनाव इंग्रजी भाषेत चक्क विशेषण होऊन बसलं. उंची, झगमगीत अशा गोष्टीला इंग्रजीत 'रित्झी' म्हणतात, ते याच्यावरून. आणि हा माणूस होता गुरं राखणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा!

कामाचा नाही, असा शिक्का

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यात निडरवाल्ड नावाचं छोटंसं गाव आहे. काळपट लाकडाची घरं, उतारावरची कुरणं आणि वर बर्फ. २३ फेब्रुवारी १८५० रोजी सेझारचा जन्म इथे झाला. तेरा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. घरचे लोक शेतकरी, गुरंढोरं सांभाळणारे. आईची इच्छा पोराने शिकावं, म्हणून बाराव्या वर्षी त्याला सियोंच्या शाळेत पाठवलं. तिथे फार काही जमलं नाही. पंधरा-सोळाच्या वयात तो ब्रिग गावातल्या एका हॉटेलात वाइन वाढणाऱ्याचा उमेदवार म्हणून लागला.

तिथला प्रसंग रित्झच्या प्रत्येक चरित्रात सापडतो. मालकाने त्याला काढून टाकलं आणि वर सांगितलं, की हॉटेलच्या धंद्याला एक उपजत अंग लागतं आणि ते तुझ्यात अजिबात नाही. आपल्याकडे पहिल्याच इंटरव्ह्यूत नापास होऊन रूमवर परतलेल्या मंडळींनी हे वाक्य नीट लक्षात ठेवावं!

१८६७ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. गर्दी अफाट, हॉटेलांना माणसं हवी होती. सतरा वर्षांचा सेझार तिथे पोहोचला. पडेल ते काम केलं, एक नोकरी सोडून दुसरी धरली आणि शेवटी व्हॉयझँ नावाच्या नामांकित रेस्टॉरंटमध्ये शिरला. हे तेच रेस्टॉरंट, ज्याने १८७० च्या नाताळात, प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातलेला असताना, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचं सूप गिऱ्हाइकांना वाढलं होतं. कुठल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं, कोणाला बोललेलं चालतं, कोणाला नुसती मान हलवलेली पुरते, हे रित्झ अशा ठिकाणी टेबलाजवळ उभा राहून शिकला. त्याची इंजिनिअरिंगची डिग्री म्हणा हवं तर, ती ही!

१८७३ साली व्हिएन्नाला जागतिक प्रदर्शन होतं, तिथे तो एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये कामाला गेला. या प्रदर्शनाचं नशीब मात्र फुटकं निघालं. सुरू होऊन आठ-दहा दिवस होतात न होतात तोच व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला, आणि उन्हाळ्यात शहरात कॉलरा आला. प्रदर्शनासाठी भाव चढवून बसलेल्या हॉटेलवाल्यांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. सीझन म्हणजे हमखास पैसा असं कोणाला वाटत असेल, तर त्याला तेव्हाच उत्तर मिळालं होतं.

पाखरांसारखी नोकरी

आता 'सीझन' म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. त्या काळातल्या युरोपात सुट्टीची दोन वेगळी जगं होती. हिवाळ्यात इंग्लंड-रशिया-जर्मनीतले श्रीमंत लोक थंडी चुकवायला भूमध्य समुद्राच्या काठी, म्हणजे नीस, कान, माँटे कार्लो या पट्ट्यात यायचे. तिथे रेल्वे १८६० च्या दशकात पोहोचली होती. उन्हाळा आला की हीच मंडळी स्वित्झर्लंडच्या तळ्यांकाठी आणि डोंगरांवर. त्या दिवसांत रिव्हिएरावरची हॉटेलं उन्हाळ्यात कुलूप लावायची, आणि डोंगरावरची हिवाळ्यात.

मग वेटर, स्वयंपाकी, हमाल, मॅनेजर यांचं काय? ते पाखरांसारखे हिंडायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेला, मे महिन्यात उत्तरेला. बारा महिने एका जागी पगार नाही. रित्झही असाच हिंडू लागला. हिवाळ्यात नीस, उन्हाळ्यात रिगी.

रिगी हा लुसर्नच्या तळ्याजवळचा सुमारे १८०० मीटर उंचीचा डोंगर. आपल्या शाखेच्या लोकांना तो वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवा. निक्लाउस रिगेनबाख या इंजिनिअरने १८७१ मध्ये इथे युरोपातली पहिली दात्यांची डोंगरी रेल्वे सुरू केली. रुळांच्या मधोमध शिडीसारखी दातेरी पट्टी, आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर चढायचं. १८७३ मध्ये ही गाडी थेट माथ्यावर पोहोचली. चालत किंवा खुर्चीत बसून जाणारे मोजके प्रवासी जाऊन तिथे गाडी भरभरून माणसं येऊ लागली. माथ्यावरच्या रिगी कुल्म हॉटेलात १८७४ च्या सुमारास रित्झ कामाला होता.

तिथला एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. सीझनचा शेवट, बाहेर कडाक्याची थंडी, आणि नेमकी हॉटेलची हीटिंगची व्यवस्था बंद पडली. त्याच वेळी खालून निरोप आला, की चाळीस अमेरिकन पाहुणे जेवायला येताहेत! मोठा हॉल गरम होणं शक्यच नव्हतं. रित्झने टेबलं लहान दिवाणखान्यात हलवली, कारण तिथे लाल पडदे होते आणि नुसत्या रंगानेही ऊब वाटते. झाडं लावायची तांब्याची मोठी भांडी रिकामी करून त्यांत स्पिरिट पेटवलं. विटा भट्टीत तापवून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून प्रत्येक पाहुण्याच्या पायाखाली ठेवल्या. मेनू बदलला, सुरुवातीला कढत सूप आणि शेवटी पेटत्या दारूतले गोड धिरडे. पाहुणे खूश होऊन गेले. हीटिंग बंद पडलेलं आहे हे त्यांना जाणवलंच नाही म्हणतात.

ज्याच्यात धंद्याचं अंग नाही असं सांगून हाकललं, त्याची ही गोष्ट बरं का!

भावाचं गणित

१८७७ मध्ये लुसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलचं काम रित्झच्या हाती आलं. मालक होते कर्नल मॅक्स फायफर. हॉटेल देखणं, तळ्याच्या काठावर, पण चालत नव्हतं. रित्झ तेव्हा फक्त सत्तावीस वर्षांचा. पुढची दहा-एक वर्षं त्याने उन्हाळे इथे काढले आणि हिवाळे रिव्हिएरावर, आणि हे हॉटेल युरोपातल्या नावाजलेल्या हॉटेलांत आणून बसवलं.

सीझनचे भाव चढे का असतात, हे त्याच्या जागेवर बसून पाहू. समजा, हॉटेलात १०० खोल्या आहेत. कर्जाचं व्याज, कर, डागडुजी असा वर्षाचा ठरलेला खर्च ३६,५०० फ्रँक. हॉटेल ३६५ दिवस भरलेलं असेल तर एका खोलीवर एका रात्रीमागे या खर्चाचा एकच फ्रँक पडतो. पण हॉटेल वर्षात १०० दिवसच चालत असेल तर? त्याच ३६,५०० ला आता फक्त दहा हजार खोली-रात्री मिळतात. म्हणजे एका रात्रीमागे ३ फ्रँक ६५ सांतीम. छपराला, जिन्याला आणि कर्जाच्या व्याजाला हॉटेल बंद असल्याचं काही सोयरसुतक नसतं. शंभर दिवसांत ३६५ दिवसांचे पैसे काढायचे, म्हणून सीझनचा भाव चढा. (आकडे समजावण्यापुरते धरले आहेत, गणित मात्र खरं.)

आणि सीझनच्या दोन्ही टोकांना भाव का उतरतो? कारण हॉटेल उघडलेलं आहे, नोकर आलेले आहेत, ठरलेला खर्च होणारच आहे. चादर धुण्याचा आणि जेवणाचा खर्च निघून चार पैसे वर मिळत असतील, तर खोली रिकामी ठेवण्यापेक्षा स्वस्तात दिलेली बरी. आजची न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही. बटाटे उरले तर उद्या चालतात, रात्र चालत नाही. विमानाच्या तिकिटाचं आणि एसटीच्या रिकाम्या सीटचंही हेच!

त्या काळात दराच्या दोन पद्धती होत्या. एक-दोन रात्रींसाठी येणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे : खोली वेगळी, नोकरचाकरांची सेवा वेगळी, जेवण वेगळं. इतकंच काय, खोलीतल्या मेणबत्तीचेसुद्धा बिलात वेगळे पैसे लागायचे आणि प्रवासी त्यावरून कुरकुरायचे. मात्र चार-आठ दिवस मुक्काम करणाऱ्याला खोली आणि जेवण मिळून एकच दर, आणि तो बराच कमी. कारण उघड आहे. जास्त दिवस राहणारा माणूस खोली रिकामी पडू देत नाही. सीझनमध्ये निदान दोन रात्रींचं बुकिंग हवं म्हणणाऱ्या आजच्या रिसॉर्टवाल्याचा हिशोबही याच घराण्यातला.

खोलीचा दर आणखी दोन गोष्टींवर ठरायचा. एक, खिडकी तळ्याकडे की मागच्या अंगणाकडे. दुसरी गोष्ट म्हणजे मजला. इथे पुन्हा इंजिनिअरिंग आलं. लिफ्ट नसताना खालचा मजला सगळ्यात महाग आणि वर चढावं तसा भाव खाली. सगळ्यात वर नोकरांच्या खोल्या. लिफ्ट आली आणि उतरंड उलटी झाली. वरच्या मजल्यावर हवा चांगली, आवाज कमी, देखावा मोठा. जी खोली कोणी घेत नव्हतं तीच महाग झाली! एका यंत्राने दरपत्रक उलटं केल्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पाहुणा आला की नोंदवहीत नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार हे लिहायचं. युरोपातल्या बऱ्याच देशांत ते पोलिसांसाठीही लागायचं. इतर हॉटेलवाल्यांसाठी ही वही म्हणजे सरकारी कटकट होती. रित्झने मात्र माणसं लक्षात ठेवली. कोणाला कोणती खोली आवडली, कोणाला उशी मऊ लागते, कोण कोणती वाइन घेतो, हे पुढच्या सीझनला तो माणूस दारात उतरण्याआधीच तयार असायचं. लोक पुन्हा यायचे ते त्यामुळे.

माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात असताना त्याचा मुख्य स्वयंपाकी शेजारच्या हॉटेलने पळवला. त्याच्या जागी १८८४ मध्ये रित्झने ओग्युस्त एस्कोफिएला आणलं. हाच एस्कोफिए पुढे आधुनिक फ्रेंच स्वयंपाकाचा गुरू ठरला. रित्झ पुढे पाहुण्यांत, एस्कोफिए मागे भटारखान्यात. हिवाळ्यात दोघं माँटे कार्लोला, उन्हाळ्यात लुसर्नला. जोडी जमली ती कायमची. १८८८ मध्ये रित्झचं लग्न झालं. बायको मारी-लुईझ बेक हीसुद्धा हॉटेलवाल्यांच्याच घरातली.

लंडन आणि एक डाग

लंडनला रिचर्ड डॉयली कार्ट नावाचे नाटक कंपनीचे मालक होते. संगीत नाटकांतून कमावलेल्या पैशांतून त्यांनी थेम्स नदीकाठी सॅव्हॉय हॉटेल बांधलं. ते १८८९ च्या ऑगस्टमध्ये उघडलं. विजेचे दिवे, विजेच्या लिफ्ट आणि ६७ न्हाणीघरं! आपल्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी लंडनमध्येच उघडलेल्या हॉटेल व्हिक्टोरियात ५०० पाहुण्यांना चार न्हाणीघरं होती. (आपल्या हॉस्टेलच्या विंगमध्ये सकाळी सात वाजता उभं राहिलं की हे प्रमाण चटकन समजतं.) इतकी न्हाणीघरं कशाला, पाहुणे पाण्यात राहणारे आहेत का, असं बांधकाम कंत्राटदाराने विचारल्याची आख्यायिका आहे.

इमारत झाली, पण चालवणारा हवा होता. कार्टनी रित्झला बोलावलं. त्याने भरभक्कम पगार मागितला आणि वर्षातला बराच काळ आपल्या इतर हॉटेलांसाठी मोकळा मागितला. दोन्ही मिळालं. रित्झ आणि एस्कोफिए आल्यावर सॅव्हॉयचं रूपच पालटलं. घरंदाज बायकांनी चारचौघांत हॉटेलात जेवायचं नाही अशी तिथली रीत, ती मोडली. आणि त्यासाठी रित्झने नियम मात्र कडक केले : संध्याकाळच्या जेवणाला ठरावीक पोशाख हवाच. त्याचे नियम पाहुण्याला अडवण्यासाठी नव्हते, तर आत बसलेल्या पाहुण्याला निवांत वाटावं म्हणून होते. अर्थात हे नियम श्रीमंतांसाठीच होते आणि एकट्या आलेल्या बाईकडे संशयाने पाहणारेही होते, हेही विसरून चालणार नाही.

आता न आवडणारा भाग. मार्च १८९८ मध्ये सॅव्हॉयने रित्झ आणि एस्कोफिए दोघांनाही तडकाफडकी काढलं. ३,४०० पौंडांहून जास्त किमतीची वाइन आणि दारू गायब असल्याचा हिशोब निघाला होता. माल पुरवणाऱ्यांकडून एस्कोफिए कमिशन घेत असल्याचं आढळलं. प्रकरण कोर्टात गाजलं नाही. १९०० मध्ये आपसात मिटलं, लेखी कबुल्या झाल्या, भरपाई ठरली आणि कागद कित्येक दशकं जगापुढे आले नाहीत. रित्झने यातली दारू आपल्या नव्या कंपनीसाठी पैसे लावणाऱ्या बड्या लोकांच्या पाहुणचारात वापरली, असं म्हटलं जातं. म्हणजे मालकाच्या खर्चाने स्वतःच्या धंद्याची पेरणी! थोर माणसांची चरित्रं लिहिताना हे पान गाळायची आपल्याकडे सवय आहे. मला ते गाळावंसं वाटत नाही. हुशारी आणि सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते असं नाही.

प्लास व्हॉन्दोम

नोकरी गेली, पण तयारी आधीपासून चालू होती. १ जून १८९८ रोजी पॅरिसच्या प्लास व्हॉन्दोम या चौकात हॉटेल रित्झ उघडलं. वास्तुकार होते शार्ल मेव्हेस. समोरची भिंत जुन्या काळातली, तिला हात लावायचा नाही; आत मात्र सगळं नवं. प्रत्येक खोलीला वीज, टेलिफोन आणि स्वतःची न्हाणी. युरोपात ही सोय देणाऱ्या पहिल्या हॉटेलांपैकी हे एक.

रित्झचं डोकं इथे इंजिनिअरसारखं चाललेलं दिसतं. त्याला धुळीचा आणि रोगजंतूंचा तिटकारा होता. पाश्चरचा शोध त्या वेळी घरोघर चर्चेत होता. म्हणून भिंतींना कागदाऐवजी रंग, कारण रंग पुसता येतो. लाकडी पलंगाऐवजी पितळी. जड मखमलीऐवजी धुता येतील असे हलके पडदे. कपड्यांसाठी भिंतीतली कपाटं. विजेचा दिवा तेव्हा नवा आणि उघडाबोडका असायचा. त्यात माणसं भुतासारखी दिसायची. रित्झने दिवे झाकून उजेड छताकडे फेकला. कोणत्या रंगाच्या शेडमध्ये बाईचा चेहरा चांगला दिसतो हे ठरवायला त्याने म्हणे बायकोला तासन् तास दिव्याखाली बसवलं आणि शेवटी जर्दाळूसारखा गुलाबी रंग पक्का केला. आज याला आपण युजर टेस्टिंग म्हणू!

आणि लॉबी? ती त्याने मुद्दाम लहान ठेवली, म्हणजे काम नसलेले लोक तिथे रेंगाळणार नाहीत. नियमाची पाटी लावण्याऐवजी नियम थेट इमारतीतच बांधून टाकला.

१८९९ मध्ये लंडनला हेमार्केट आणि पॅल मॅलच्या कोपऱ्यावर कार्लटन हॉटेल सुरू झालं, तेही रित्झ आणि एस्कोफिएच्या हाताखाली. रोमचं ग्रँड हॉटेल १८९४ पासून चालू होतंच. शिवाय आणखी कितीतरी ठिकाणी सल्ला. पूर्वी वर्षातून दोनदा गाव बदलणारा हा माणूस आता आठवड्याला देश बदलू लागला. रात्र आगगाडीत, दिवस हॉटेलात. लोकांच्या सुट्ट्या सांभाळणाऱ्याला स्वतःला सुट्टी नाही. सबमिशनच्या आठवड्यात आपण जसे जगतो, तसा हा वर्षानुवर्षं जगला.

२४ जून १९०२

राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली. तिचा मुलगा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला. लंडनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा सीझन! जगभरातून राजेरजवाडे येणार, त्यांत आपल्याकडचे संस्थानिकही. मिरवणूक पॅल मॅलवरून जाणार, म्हणजे कार्लटनच्या अगदी दारावरून. रस्त्यावरच्या घरांच्या नुसत्या खिडक्या शेकड्यांनी भाड्याने गेल्या. कार्लटन भरलेलं. महिनोन् महिने रित्झ आणि एस्कोफिए मेजवान्यांच्या तयारीत बुडालेले. एडवर्ड तर रित्झचा जुना पाहुणा. हा सोहळा म्हणजे त्याच्या सगळ्या आयुष्याचं फळ होतं.

२४ जूनला, अवघे दोन दिवस उरलेले असताना, बातमी आली. राजाला अपेंडिक्सचा गंभीर आजार, तातडीने शस्त्रक्रिया, राज्याभिषेक पुढे ढकलला.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. पाहुण्यांना बातमी रित्झनेच दिली. बुकिंग रद्द होऊ लागली, ऑर्डरी परत फिरवायच्या, आणलेल्या मालाचं काय करायचं ते ठरवायचं. त्याने शांतपणे एकेक काम उरकलं. आणि मग तो कोसळला. पूर्ण मानसिक खच्चीकरण झालं होतं. वय अवघं बावन्न.

राजा बरा झाला, ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला. रित्झ मात्र पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

त्या रद्द झालेल्या सोहळ्याने कायद्यालाही कामाला लावलं. पॅल मॅलवरच्याच एका घराच्या खोल्या हेन्री नावाच्या गृहस्थाने मिरवणूक पाहण्यासाठी दोन दिवसांकरता ७५ पौंडांना ठरवल्या होत्या आणि २५ पौंड ॲडव्हान्स दिला होता. मिरवणूक झाली नाही, तर उरलेले ५० पौंड द्यायचे का? १९०३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की नाही. खोली होती तशी होती, पण ज्यासाठी ती घेतली तेच राहिलं नाही. 'क्रेल विरुद्ध हेन्री' म्हणून हा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. मात्र १९०४ च्या दुसऱ्या एका अशाच खटल्यात, आधी दिलेले पैसे परत मिळणार नाहीत असा निकाल झाला, आणि तो इंग्लंडमध्ये १९४२ पर्यंत टिकला. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात मात्र तेव्हाही, करार असा निरर्थक ठरला तर घेतलेला लाभ परत करावा अशी तरतूद होती. तेव्हा 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' ही पाटी वाचताना एवढं लक्षात असू द्या, की या एका ओळीवर लोक कोर्टात भांडलेले आहेत.

उतरता सीझन

यानंतरचं आयुष्य म्हणजे लांबलेली संध्याकाळ. मधूनमधून रित्झ बरा व्हायचा, पुन्हा खचायचा. १९०६ मध्ये लंडनला रित्झ हॉटेल उघडलं. पोलादी सांगाड्यावर उभारलेल्या लंडनमधल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या इमारतींत त्याची गणना होते. सिव्हिलवाल्यांनी त्याबद्दल जरूर वाचावं. १९१० मध्ये माद्रिदचं रित्झ आलं. इमारतींवर त्याचं नाव झळकत होतं, पण कारभार हळूहळू इतरांकडे गेला. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमधल्या रुग्णालयांत गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपायला काही दिवस उरले असताना, लुसर्नजवळच्या क्युसनाख्तला तो वारला. ज्या तळ्याच्या काठी त्याने नाव कमावलं, त्याच तळ्याच्या काठी.

मारी-लुईझने पॅरिसचं हॉटेल पुढे कित्येक वर्षं सांभाळलं. मुलगा शार्लही नंतर त्याच हॉटेलचा प्रमुख झाला.

मित्रांनो, रित्झच्या गोष्टीतून मेहनत करा म्हणजे मोठे व्हाल एवढाच बोध काढायचा असेल तर काढा, तो काही खोटा नाही. ज्याला लायकी नाही म्हणून हाकललं, त्याचंच नाव धंद्याला मिळालं. पण मला त्याचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. या माणसाला सीझनचं गणित तोंडपाठ होतं. कोणतंही हॉटेल बाराही महिने भरलेलं राहत नाही, काही महिने ते बंद ठेवावंच लागतं, गाद्या उन्हात टाकाव्या लागतात, छपराची डागडुजी करावी लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या शरीराला आणि मनाला मात्र त्याने ऑफ सीझन कधी दिलाच नाही.

प्लेसमेंटच्या धावपळीत असणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मंडळींनी आणि रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये बसणाऱ्या आपल्या सरांनीसुद्धा यावर जरा विचार करावा. आणि पुढच्या वेळी एखाद्या काउंटरवर उभं राहून चढ्या भावावरून वाद घालाल, तेव्हा पलीकडच्या माणसाकडेही एकदा नीट पाहा. तुमची सुट्टी म्हणजे त्याचा सीझन असतो. कदाचित कित्येक दिवसांत तो धड झोपलेलाही नसेल.